सक्ती नाही, तरी डॉक्टर 'आयएमए'चे सभासद का होतात?

१७ ऑगस्ट २०२४. कोलकात्यातल्या डॉक्टर तरुणीच्या हत्येच्या निषेधार्थ देशभर २४ तास ओपीडी बंद राहिल्या. हाक इंडियन मेडिकल असोसिएशनची, म्हणजेच आयएमएची होती. गावोगावी ती पोहोचवली स्थानिक शाखांनी.

प्रॅक्टिससाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी बंधनकारक आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या आयएमएचं सभासदत्व मात्र ऐच्छिक. मग फायदा काय?

नोंदणी टिकते: नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. शाखेच्या मान्यताप्राप्त व्याख्यानांतून ते आपल्याच गावात मिळू शकतात. दवाखाना बंद ठेवून मोठ्या शहरात जावं लागत नाही.

पाठीशी माणसं असतात: महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानुसार डॉक्टरवरील हल्ला अजामीनपात्र गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. पण कायदा आपोआप चालत नाही, आधी तक्रार द्यावी लागते. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पोलीस ठाण्यात एकट्याने जाणं वेगळं आणि शाखेच्या सहकाऱ्यांसोबत जाणं वेगळं.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावं? सभासदत्व म्हणजे गुणवत्तेचं प्रमाणपत्र नव्हे. आयएमए ही डॉक्टरांची संघटना आहे. उपचारात हलगर्जी झाली, तर डॉक्टरविरुद्ध कारवाईचा अधिकार कौन्सिलला आहे, शाखेला नाही.