ज्ञान आपल्या पैशाचे, कुलूप कोणाचे?

आपल्या समाजातल्या प्रत्येक गुणगौरव समारंभात एक मुद्दा हमखास येतो: पहिली आज्ञाच 'वाच' अशी होती, तेव्हा मुलांनो, शिका. मुद्दा खराच आहे. पण ज्या मुलाने खरोखर वाचायला घेतले, त्याच्यासमोर काय येते, याची चौकशी व्यासपीठावरचे कोणी करत नाही. त्याला दिसतो शोधनिबंधाचा एका परिच्छेदाचा सारांश आणि खाली किंमत. बहुतेक वेळा तीस-चाळीस डॉलर, म्हणजे साधारण तीन हजार रुपये, तेही एका निबंधाचे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या धंद्यात ही अडचण फारशी येत नाही. लिनक्स असो की पायथन, जगभरच्या लोकांनी लिहिलेला कोड खुला आहे. रत्नागिरीत बसून तो वाचता येतो, वापरता येतो, सुधारता येतो. पण शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुलाला तारली का घटली किंवा हापूसमध्ये साका का होतो, हे शास्त्रज्ञांच्या शब्दांत वाचायचे असेल, तर दार बंद असू शकते.

हे संशोधन बऱ्याचदा सरकारी पैशातून होते. संशोधकाचा पगार, प्रयोगशाळा, सर्वेक्षणाची बोट, सगळे करदात्याचे. निबंध तपासणारे तज्ज्ञ सहसा मानधन घेत नाहीत. मग प्रकाशक तो छापतो आणि आपल्यालाच विकतो. हा व्यवहार कायदेशीर असेल, पण न्याय्य नाही.

सरकारने यावर एक उपाय काढला. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक संस्था. पाऊल मोठे आहे, त्याचे स्वागतच करायला हवे. पण ही दारे उघडली ती सरकारी व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. खासगी महाविद्यालये बाहेर राहिली. समजा, राजिवड्यातल्या एका घरातले दोन भाऊ आहेत. एक शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात, दुसरा खासगीत. कर एकाच घराने भरला, पण निबंध एकालाच उघडणार. आणि होडी घेऊन समुद्रात जाणाऱ्या त्यांच्या अब्बांचा तर यात विचारच नाही.

अब्बांना शोधनिबंध कशाला, असे कोणी विचारेल. पर्ससीन मासेमारीचा वाद आठवा. राज्य सरकारने २०१६ मध्ये तिच्यावर निर्बंध आणले, ते सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारावर. या वादात दोन्ही बाजूंना आपलीच माणसे आहेत, पारंपरिक मच्छीमारही आणि पर्ससीनवालेही. ज्या अभ्यासांवर आपली रोजीरोटी ठरते, ते आपल्या घरातल्या एकाला तरी वाचता आले पाहिजेत. नाहीतर बैठकीत आपण फक्त आवाज चढवतो आणि कागद दुसऱ्याच्या हातात राहतो.

पूर्वी अनेक विद्यार्थी साय-हबवरून निबंध उतरवत. प्रकाशकांनी दाखल केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. त्यावर हळहळत बसण्यात अर्थ नाही. कायदेशीर आणि फुकट वाटा बऱ्याच आहेत. त्या आपल्याला कोणी शिकवलेल्या नाहीत, एवढेच.

पहिली वाट: निबंधाचे पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हांत घालून गुगल स्कॉलरवर शोधा आणि त्याच्या सगळ्या आवृत्त्या पाहा. लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या भांडारात प्रत ठेवलेली असू शकते. दुसरी: ब्राउझरमध्ये 'अनपेवॉल' नावाचे फुकट एक्स्टेन्शन घाला. निबंधाची कायदेशीर खुली प्रत असेल, तर ते उघडे कुलूप दाखवते. तिसरी: लेखकाला ईमेल करा. आपण कोण, कुठे शिकतो, निबंध कशासाठी हवा, हे चार ओळींत लिहा. आपले काम कोणी वाचू पाहते, याचा संशोधकांना आनंदच होतो.

चौथी वाट आपल्या अंगणातली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे भांडार कोणालाही खुले आहे. तारली, बांगडा, कोळंबीवरचे दशकांचे काम तिथे सापडते. 'इंडियन जर्नल ऑफ फिशरीज' फुकट वाचता येते. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषीकोश'वर आहेत, इतर विद्यापीठांचे लाखो प्रबंध 'शोधगंगा'वर. घरात कोणाला आजार निघाला, तर व्हॉट्सॲपवरच्या नुस्ख्यांआधी 'पबमेड सेंट्रल' उघडा. डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येईल, इतके तरी समजते.

एक सावधगिरी मात्र हवी. खुले म्हणजे खरेच, असे नाही. प्रीप्रिंट तज्ज्ञांनी तपासलेले नसतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही खुलीच असतात. कोणी लिहिले, कुठे छापले, बाकीचे अभ्यास काय म्हणतात, हे पाहायलाच हवे. हदीसची सनद तपासणाऱ्या परंपरेतल्या मुलांना ही सवय परकी वाटू नये.

पण वाटा शिकून घेतल्या म्हणून हक्काची मागणी सोडायची नाही. २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यात देशातल्या प्रत्येक व्यक्तीला नियतकालिके वाचता यावीत, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात आलेली योजना संस्थांच्या फाटकापाशी थांबली. तिची मंजूर मुदत २०२७ ला संपते. पुढच्या करारात खासगी महाविद्यालयांतली मुले आणि सार्वजनिक ग्रंथालये आली पाहिजेत. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. तिथल्या एका संगणकावर हे निबंध कोणालाही, मग तो विद्यार्थी असो की नाखवा, वाचता यावेत, इतकी साधी मागणी आहे. आपल्या खासदारांना आणि शिक्षण मंत्रालयाला ती लेखी पाठवा. मराठीत पाठवली तरी चालेल.

आणि जमातींना एक विनंती. शिष्यवृत्ती देता, वह्या वाटता, हे चांगलेच आहे. आता महिन्यातून एक संध्याकाळ द्या. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर आणि निबंध शोधायला शिकवणारा एखादा मुलगा किंवा मुलगी. वक्फ म्हणजे फक्त जमीन आणि इमारत नव्हे. आपल्या इतिहासात लोकांनी कुतुबखानेही वक्फ केले, येणाऱ्या प्रत्येकाला वाचता यावे म्हणून. आज कुतुबखाना बांधायची गरज नाही, तो बांधलेलाच आहे. त्याचे दार कुठे आहे, हे मुलांना दाखवायचे आहे आणि जे दार अजून बंद आहे, ते ठोठावत राहायचे आहे.