इंग्लंडच्या न्यायालयात इंग्रजी परकी होती, तेव्हा… (थ्रेड)

१/८
‘इंग्रजी ही मुळातच ज्ञानभाषा, मराठीला ते झेपणारे नाही.’ शिक्षणाच्या माध्यमाची चर्चा निघाली की हे विधान ठरल्याप्रमाणे येते. असे म्हणणाऱ्यांनी एकदा इंग्लंडचाच इतिहास उघडावा. तेथे शतकानुशतके इंग्रजीला हीच वागणूक मिळाली, आणि ती देणाऱ्यांत इंग्रजही होते.

२/८
१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार आणि सरदारवर्ग फ्रेंच बोलू लागला; धर्म व विद्वत्ता लॅटिनकडे राहिली. इंग्रजी उरली शेतात आणि बाजारात. त्यानंतर इंग्रजी मातृभाषा असलेला पहिला राजा म्हणून चौथ्या हेन्रीचे नाव घेतले जाते. तो गादीवर आला १३९९ मध्ये, म्हणजे ३३३ वर्षांनी.

३/८
चौदाव्या शतकातील मठवासी इतिहासकार रॅनल्फ हिग्डेन याची तक्रार वाचण्याजोगी आहे : मुलांना शाळेत स्वभाषा सोडून फ्रेंचमधून धडे गिरवावे लागतात, आणि खेड्यातली माणसेही प्रतिष्ठेसाठी फ्रेंच बोलण्याची धडपड करतात. नावे बदलली, तर हे वर्णन आजच्या महाराष्ट्राचे ठरेल.

४/८
हिग्डेनच्या ग्रंथाचा अनुवादक जॉन ट्रेव्हिसा याने १३८५ मधील बदल नोंदवला : शाळांनी फ्रेंच सोडून इंग्रजी माध्यम धरले होते. लाभ हा, की मुले व्याकरण लवकर शिकतात. हानी ही, की समुद्रापार गेल्यास अडतील. आजच्या पालकांची भीती नेमकी हीच आहे. इंग्लंडने ती हानी पत्करली.

५/८
‘पण मराठीत विज्ञान कुठे आहे?’ शेक्सपिअर १६१६ मध्ये वारला. त्यानंतर १६२८ मध्ये हार्वेने रक्ताभिसरणावरचा ग्रंथ लिहिला, तो लॅटिनमध्ये. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ (१६८७) लॅटिनमध्येच. त्याचा ‘ऑप्टिक्स’ मात्र १७०४ मध्ये इंग्रजीत निघाला. या अवधीत भाषेला नवे सामर्थ्य फुटले नव्हते. तिच्यात लिहिण्याचा निर्णय झाला होता.

६/८
शब्दही आयते नव्हते. सोळाव्या शतकात लॅटिन-ग्रीकमधून शब्द आणणाऱ्यांची यथेच्छ टवाळी झाली. तरी शब्द येत राहिले, आणि १६०४ मध्ये रॉबर्ट कॉड्रीला सुमारे २,५०० ‘कठीण’ शब्दांचा कोश काढावा लागला. मराठी पारिभाषिक शब्द दिसताच हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे : रुळलेला प्रत्येक शब्द कधीतरी हास्यास्पद होता.

७/८
‘इंग्रजी साम्राज्यामुळे वाढली’ हा आक्षेप अर्धाच खरा. जगभर ती पसरली साम्राज्यामुळे, आणि पुढे अमेरिकेमुळे. परंतु शाळेत ती शिरली, छापखान्यात पोहोचली (कॅक्स्टन, १४७६), तेव्हा हिंदुस्थानात इंग्रजांची एक वखारही नव्हती. घरातला मान तिने आधी मिळवला.

८/८
१३६२ च्या कायद्याने न्यायालयातील युक्तिवाद इंग्रजीत करण्यास सांगितले. कारण साधे होते : फ्रेंच लोकांना कळत नाही. तो कायदा फ्रेंचमध्येच लिहिलेला होता, नोंदी लॅटिनमध्ये राहिल्या, आणि कागदपत्रे इंग्रजीत यायला १७३३ उजाडले. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज आजही इंग्रजीत चालते. ज्याच्या जमिनीचा निकाल लागतो, त्या पक्षकाराला तो दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो. इंग्रजी अवश्य शिकावी. पण इंग्रजांनी आपल्या पक्षकारासाठी साडेसहाशे वर्षांपूर्वी जे मागितले, ते मराठी माणसाने मागितले की ‘अस्मितेचे राजकारण’ कसे ठरते, याचे उत्तर इंग्रजीच्या भक्तांनी द्यावे.