आधी फोटो पुसायचे, मग पुरावे शोधायचे

मंडळाच्या कोजागिरीला मसाला दूध पिता पिता एका ज्येष्ठ सभासदांनी विषय काढला. २०२३ च्या जुलैत मेहसाण्याला पाटीदार समाजाच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल बोलले होते, की प्रेमविवाहाला आईवडिलांची संमती सक्तीची करता येईल का, हे घटनेत बसत असल्यास सरकार तपासून पाहील. सभासद म्हणाले, "योग्यच आहे. आपणही वडोदऱ्यातल्या मराठी मंडळींच्या वतीने पाठिंब्याचा ठराव करू." पाचसहा माना डोलल्या. आम्ही गप्प बसलो, कारण आमची पुतणी तिथेच पेले भरत होती. तिने ऐकले असणारच. तेव्हा जे बोललो नाही ते इथे लिहितो. तिची परवानगी घेतली आहे. तिच्या वडिलांची, म्हणजे आमच्या थोरल्या भावाची, घेतलेली नाही.

पुतणीचे लग्न डिसेंबर २०२४ मध्ये झाले. जावई लेस्टरचा, जन्माने ब्रिटिश नागरिक, मूळ घराणे चरोतरचे. आजीला भेटायला आला होता, तेव्हा २०२२ च्या नवरात्रात गरब्याच्या मैदानावर दोघांची ओळख झाली. पुढच्या उत्तरायणापर्यंत घरात कळले. मग जे आपल्या घरांत होते ते झाले. वहिनींनी फोन काढून घेतला, भावाने समोर बसवून एकेक फोटो पुसायला लावला, संदेश पुसायला लावले. "गुजराती, त्यात परदेशी, त्यात गोदामात नोकरी!" हे वाक्य आमच्या तोंडचे आहे. आम्हीही काका म्हणून जाऊन चार शब्द सुनावले होते. पुढचे पंधरा महिने पोरगी एका मैत्रिणीच्या फोनवरून त्याच्याशी बोलली. शेवटी २०२४ च्या गुढीपाडव्याला भाऊ 'हो' म्हणाला. श्रीखंड झाले, पेढे झाले.

पाडवा होता ९ एप्रिलला. तिसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, ब्रिटनने नवरा किंवा बायको बोलावणाऱ्याची किमान वार्षिक कमाईची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली.

ही अट २०१२ च्या जुलैपासून १८,६०० होती. वाढवणार असल्याची घोषणा तिथल्या सरकारने ४ डिसेंबर २०२३ लाच केली होती. आधी तर ३८,७०० चा आकडा सांगितला होता, मग टप्प्याटप्प्याने करू म्हणून २९,००० वर थांबले. म्हणजे चार महिने आधी सूचना होती. ११ एप्रिलच्या आधी दाखल झालेले अर्ज जुन्या अटीवर तपासले जाणार होते, आणि जावयाचा पगार जुन्या अटीत आरामात बसत होता. त्या चार महिन्यांत आमच्या घरात चर्चा चालली होती ती 'लोक काय म्हणतील' ह्याची.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. आकडे मांडल्याशिवाय आम्हांला चैन पडत नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून प्रौढ कामगाराचे किमान वेतन तासाला १२.२१ पौंड ठरले. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही दिवस बिनपगारी नाही असे धरले तरी बेरीज होते २५,३९७ पौंड. सरकारनेच ठरवलेल्या वेतनावर पूर्ण वेळ राबणारा माणूस त्याच सरकारच्या हिशेबाने बायकोला घरी आणायला नालायक! साहेबाच्या देशात प्रेम करायला परवानगी सर्वांना आहे. एका छपराखाली राहायचे तर मात्र पगाराची चिठ्ठी दाखवा. पुतणी इथे शिकवण्या करून जे कमावते ते ह्या हिशेबात शून्य, कारण अर्जदाराची परदेशातली कमाई त्यात धरत नाहीत.

त्यावर शुल्क. एप्रिल २०२५ च्या दराने अर्जाचे १,९३८ पौंड, आणि तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे ३,१०५. एकूण ५,०४३. पौंडाला ११५ रुपये धरले तरी पावणेसहा लाखांच्या वर. अर्ज फेटाळला तर अधिभार परत मिळतो, अर्जाचे शुल्क बुडते. शिवाय इंग्रजीची परीक्षा आणि क्षयरोग नसल्याचा दाखला वेगळा. त्या दाखल्याची मुदत सहा महिने, म्हणजे अर्ज लांबला की छाती पुन्हा तपासायची.

आता आमच्या काउंटरची गोष्ट. भावाने गावातल्या एका एजंटाला गाठले. तो म्हणाला, पगार थोडा कमी आहे ना, मुलीच्या वडिलांचे बॅलन्स सर्टिफिकेट जोडा, काम होऊन जाईल. भाऊ बारा लाखांच्या मुदत ठेवीचा दाखला न्यायला आमच्याच शाखेत आला. आम्ही शिक्का मारून दिला. परदेशी निघालेल्या मुलांसाठी असे दाखले आम्ही आठवड्यातून दोनतीन तरी देतो, आणि ते कशासाठी लागतात हे कधी विचारत नाही. घरचे प्रकरण होते तरी विचारले नाही. नियम आम्ही वाचला तो अर्ज फेटाळल्यावर. कमाई कमी पडत असेल तर बचतीने भरून काढता येते, पण पहिले १६,००० पौंड हिशेबातच धरत नाहीत, आणि वरच्या रकमेला अडीचने भागून जे येईल तेवढीच वार्षिक तूट भरते. जावयाची तूट ३,६०० पौंडांच्या आसपास. म्हणजे २५,००० पौंड हवेत, जवळपास एकोणतीस लाख रुपये, आणि तेही नवरा-बायकोच्या स्वतःच्या नावावर सहा महिने पडून असलेले. सासऱ्याने जावयाला बक्षीस दिले तरी चालते, पण सहा महिने आधी. सासऱ्याच्या स्वतःच्या नावावरची ठेव रद्दीच्या भावाची. एजंटाने आपली फी घेतली होती. ती अर्थातच परत मिळाली नाही.

पण नकाराच्या पत्रात दुसरेही एक कारण होते, आणि हा लेख आम्ही त्यासाठी लिहितो आहोत. नाते खरे असल्याचे पुरावे अपुरे. कधी भेटलात, कसे बोलत होता, लग्नाआधीचे एकत्र फोटो कुठे आहेत? लग्नाच्या अल्बमात चारशे फोटो आहेत, पण त्यांत आत्या आहेत, मामा आहेत, आम्ही फेटा बांधून तीनदा आहोत. दोघेच असलेले फोटो बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही सगळे एकाच दिवसाचे. २०२३ साल पूर्ण कोरे. आणि फोनच्या नोंदी पाहाव्यात तर कागदोपत्री आमचा जावई पंधरा महिने पुतणीच्या मैत्रिणीशी बोलत होता!

वाचकहो, विनोद वाटतो ना? आम्हांलाही पहिल्यांदा हसू आले होते. मग पुतणीचे तोंड पाहिले.

आपण मुलांना सांगतो, लपवा. गल्लीत दिसू नका, फोटो काढू नका, पत्र ठेवू नका. मग सनई वाजते आणि सातासमुद्रापलीकडचा एक अधिकारी नेमके तेच मागतो जे आपण पुसायला लावले. ज्या घरांनी मुलीला मोकळेपणी बोलू दिले, मुलाला घरी बोलावून ताटावर बसवले, त्यांच्याकडे कागद आपोआप साठले. आम्ही अब्रू राखली आणि फाइल रिकामी केली.

ब्रिटिश अधिकाऱ्याची बाजू घेतो आहोत असे कुणी समजू नये. आपल्या बायकामुलींवर संशय घ्यायची त्यांची परंपरा जुनी आहे. १९७९ च्या जानेवारीत लग्नासाठी हीथ्रोला उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी तिथल्या अधिकाऱ्यांनी करवली. बातमी फुटल्यावर जगभर छी थू झाली. पुढे १९९७ पर्यंत असा नियम होता, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरण्याचा नाही हे अर्जदाराने सिद्ध करायचे. नसलेला हेतू सिद्ध कसा करणार? मजूर पक्षाच्या सरकारने तो काढला, आणि पंधरा वर्षांनी दुसऱ्या सरकारने त्याच दारावर पैशाची चौकट बसवली. ह्या अन्यायाविरुद्ध ठराव करायचा असेल तर पहिली सही आमची.

पण आपले मंडळ ठराव करू पाहते तो मुलीच्या बापाचा शिक्का सक्तीचा करण्यासाठी! दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवले तर कुटुंबाची वा समाजाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सांगितले आहे. व्हिसाच्या अर्जात पहिला कागद लागतो तो लग्न नोंदणीचा दाखला. त्या दाखल्यावरच आईबापाची सही लागू लागली, तर आमच्या भावासारखा बाप पंधरा महिने काय, पंधरा वर्षे फाइल अडवून बसेल.

आणि हे वडोदऱ्यात! सयाजीराव महाराजांचे नाव घेतल्याशिवाय आपला एक कार्यक्रम सुरू होत नाही. त्यांच्याच लेकीने, इंदिराराजेंनी, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांशी ठरलेले लग्न मोडले आणि १९१३ मध्ये लंडनला कूचबिहारच्या राजपुत्राशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. महाराजांचा विरोध होता, तरी लग्न झाले, आणि लंडनमध्ये त्यांच्याकडे कुणी पगाराची चिठ्ठी मागितली नाही. हा किस्सा आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. राजघराण्यात घडले की इतिहास, वाड्यात घडले की थेरं.

अमेरिकेचे स्थळ आले की मात्र आपण संमतीबिंमती काही पाहत नाही. मुलगा एच-वन व्हिसावर आहे एवढे ऐकून पत्रिका जुळतात, आणि एच-फोरवर गेलेल्या मुलीला तिथे नोकरीची परवानगी सरसकट नसते, हे तिला विमानात बसल्यावर कळते. तो विषय वेगळा, पुन्हा केव्हातरी.

थोडे नावांविषयी, कारण ह्यात आपल्या लोकांचे फार हाल होतात. पुतणीच्या जन्मदाखल्यावर गुजराती कारकुनाने सवयीने नावापुढे 'बेन' आणि वडिलांपुढे 'भाई' लावले आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी. लग्नात वहिनींनी हौसेने तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहवून घेतले, आणि पत्रिकांपासून आहेरापर्यंत तेच चालले. एका मुलीची कागदावर चार माणसे झाली. ती एकच आहे असे प्रतिज्ञापत्र करावे लागले. ताटात नाव अवश्य लिहा, पण पासपोर्टवरचे लिहा.

मंडळाकडे आमचे मागणे असे. तो ठराव कार्यकारिणीपुढे आणू नये. आणलाच तर आम्ही विरोधात बोलू, आणि ह्या वेळी दूध पीत बसणार नाही. दुसरे, मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी दोन तास एक टेबल द्यावे. लग्नाची नोंदणी, नावांतले फरक, गुजराती कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, बँकेचे कागद कसे आणि केव्हापासून जमवायचे, एवढे आम्ही आणि दोन निवृत्त शिक्षक मिळून बघू. कायद्याचा सल्ला आम्ही देणार नाही, तो वकिलाचाच घ्यावा. मुलामुलींनी एकटे आले तरी चालेल. घरी कळवणार नाही.

जावयाने लेस्टरला शनिवार-रविवारचे दुसरे काम धरले आहे. दोन्ही पगार मिळून २९,००० च्या पुढे जातात, आणि त्यांच्या बारा महिन्यांच्या चिठ्ठ्या फेब्रुवारीत पूर्ण होतात. मग अर्ज पुन्हा जाईल. मैत्रिणीनेही लेखी जबाब दिला आहे, की तो फोन तिचा होता, बोलणारी ती नव्हती. भावाला आम्ही विचारले, 'पंधरा महिने फोन मी काढून घेतला होता' असे तू लिहून देशील का? त्याने अजून उत्तर दिलेले नाही.