बैठकीतला लोड आत आणा

गुरुकुंज मोझरीच्या आसपासच्या कोणत्याही घरी जा. पुढच्या खोलीत गादी, गादीवर पांढरी चादर आणि भिंतीला टेकवलेले दोन लोड दिसतील. पाहुणा आला की यजमान आधी लोड पुढे सरकवतो. त्याच घरात आतल्या खोलीत आठव्या महिन्याची सून चटईवर एक गोधडी टाकून झोपते. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होते आणि पहाटे पाच वाजता कंबर धरून उठते.

तपासणीला आलेल्या गरोदर बाईला मी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतो : "झोपताना गुडघ्यांमध्ये काही घेता का?" ती बहुतेक वेळा नुसती हसते. सोबत आलेली सासू उत्तर देते, "तिले कायले पायजे जी उशी? आमाले कोनं देल्ली व्हती?"

या एका वाक्याशी माझे भांडण आहे. दुसरे भांडण आहे जाहिरातींशी. घरात उशीला "चोचले" म्हणतात आणि मोबाईलवर तीच उशी "बॉडी पिलो" या नावाने काही हजारांना विकली जाते, पाठदुखीपासून घोरण्यापर्यंत सगळ्यावर उपाय म्हणून. दोघेही चूक आहेत, आणि त्रास बाईलाच होतो.

उशी नेमके काय करते?

कुशीवर झोपलो की वरचा पाय पुढे घसरतो, त्याच्यासोबत माकडहाडाचा भाग फिरतो आणि कमरेला पीळ पडतो. रात्रभर तो पीळ तसाच राहिला तर सकाळी कंबर आखडते. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी असली की वरचा पाय कमरेच्या पातळीत राहतो. उशीचे काम एवढेच. यात जादू नाही आणि चैनही नाही.

गरोदरपणात याचे महत्त्व वाढते. पोटाचे वजन पुढे ओढते, सांध्यांचे बंध सैल होतात, ओटीपोटाची हाडे दुखतात. शिवाय उताणे झोपल्यावर वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर पडतो. शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी ती शीर दबली की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि बाळाकडचा पुरवठाही कमी होऊ शकतो. २०१९ साली अनेक देशांतल्या अभ्यासांची माहिती एकत्र करून तपासली गेली. त्यात २८ आठवड्यांनंतर उताणे झोपी जाणाऱ्या स्त्रियांमध्ये बाळ पोटात दगावण्याची शक्यता कुशीवर झोपणाऱ्यांपेक्षा सुमारे अडीच पट आढळली. मुळात असे फार थोड्या गरोदरपणांत घडते, म्हणून घाबरू नका. पण सातवा महिना लागला की कुशीवर झोपा. डावी किंवा उजवी, कोणतीही कूस चालते. रात्री जाग आल्यावर आपण उताणे आहोत असे लक्षात आले, तर परत कुशीवर वळा, बस्स.

वळताना उठून बसा, नाहीतर बाळाला नाळेचा वेढा पडतो, हे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. त्याला काहीही आधार नाही. बाळ स्वतःच्या हालचालीने पोटात फिरत असते, आईने कूस बदलल्याने नाळ गुंडाळली जात नाही. या भीतीपायी बाया रात्रीतून दहादा उठून बसतात आणि त्यांची झोप मोडते.

लोड जसाच्या तसा चालत नाही

लोड आत आणा म्हणतो, पण बैठकीतला लोड टेकून बसण्यासाठी ठासून भरलेला असतो. तो गुडघ्यांमध्ये घेतला तर पाय जास्त वर उचलला जाईल आणि उलटाच ताण पडेल. म्हणून त्याची शिवण उसवा, थोडा कापूस काढा, उरलेला पिंजून परत भरा. आपण कपाशीच्या मुलखात राहतो. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला रात्री मूठभर कापूस मिळू नये, याहून लाजिरवाणे काय असेल?

लांबी छातीपासून घोट्यापर्यंत पुरावी, साधारण चार ते साडेचार फूट. जाडीची परीक्षा सोपी आहे : कुशीवर झोपा, लोड गुडघ्यांमध्ये घ्या आणि घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा. वरचा गुडघा आणि वरचा खुबा एका पातळीत हवेत. घोट्यांमध्येही आधार हवा, नुसता गुडघ्यांत नको. वरचा हात लोडावर टाकला की खांदा पुढे पडत नाही. पोट ओढत असेल तर त्याखाली घडी केलेले लुगडे सरकवा. डोक्याखालची उशी खांदा आणि मान यांच्यातली पोकळी भरेल एवढीच जाड असावी.

लोड नसेल तर गोधडीची वळकटी करून सुती साडीत गुंडाळा आणि दोन्ही टोके बांधा. खर्च शून्य.

विकतचीच घ्यायची असेल तर जरूर घ्या, पण जाहिरातीतल्या मोठ्या शब्दांना पैसे मोजू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उकाड्यात अंगाभोवती वळसा घालणारी फोमची जाड उशी दोन रात्रींत कोपऱ्यात जाते. सरळ, सुती खोळीची, खोळ काढून धुता येणारी उशी पुरे. खोळ आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कापसाला अधूनमधून ऊन दाखवा, नाहीतर धूळ आणि बारीक किडे साचून दमेकऱ्याला त्रास होतो. बंगाली घरांत अशी लांब उशी पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला कोलबालिश म्हणतात. तिकडे तिला कुणी चोचले म्हणत नाही.

एक इशारा : वर्षाच्या आतल्या बाळाजवळ ही उशी ठेवू नका. नाक-तोंड दबून गुदमरण्याचा धोका असतो.

उशीने बरे न होणारे

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणे, हा झोपेतल्या श्वासरोधाचा आजार असू शकतो. त्याची तपासणी होते, उपचार आहेत. उशी घेऊन गप्प बसू नका. कंबरदुखीसोबत पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, ताप, किंवा एकाच पायाला दुखरी सूज असेल तर ताबडतोब दाखवा. गरोदर बाईला रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल कमी जाणवणे यांपैकी काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नका. एरवी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. तिथे कंबरदुखीबद्दलही मोकळेपणाने बोला.

"आमाले कोनं देल्ली व्हती?"

कुणीच दिली नव्हती, मावशी, खरे आहे. म्हणूनच आज साठीला तुम्हीही माझ्याकडे कंबर धरून येता. तुम्हाला मिळाले नाही ते सुनेलाही मिळू नये, हा न्याय कसला? आणि तुमच्या दुखऱ्या गुडघ्यांनाही हाच लोड चालतो. घरात दोन आहेत, एक तुम्ही घ्या.

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली याच मोझरीत गुरुकुंज उभारले. त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय आहे आणि ती पोथी आपल्या घराघरांत आहे. मग घरातली बाई रात्री कशावर झोपते, हे एकदा दिवा लावून पाहायला काय हरकत आहे?

पाहुणा तासाभरासाठी येतो, तो भिंतीला टेकून बसेल. आज रात्री एक लोड आत न्या.