भाषा गेली, भोगी राहिली

भाषा गेली की संस्कृती जाते, असे आपण सभा-संमेलनांतून वारंवार ऐकतो आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. मलेशियातील मलाक्का शहरात मात्र या सिद्धांताला पुरून उरलेला एक छोटासा समाज आहे. त्याचे नाव चिट्टी.

पंधराव्या शतकात, मलाक्काच्या सुलतानांच्या काळी, चोलमंडल किनाऱ्यावरचे तमिळ व्यापारी कापड घेऊन तेथे जात. परतीच्या वाऱ्यांची वाट पाहत महिनोन् महिने मुक्काम पडे. सोबत स्त्रिया नसत. तेव्हा त्यांनी मलय, जावानीज, बटक, चिनी कुटुंबांशी सोयरिकी जुळवल्या. 1511 मध्ये पोर्तुगीज आले, 1641 मध्ये डच, त्यांच्यामागून इंग्रज. व्यापार हातचा गेला आणि हा समाज गजह बरांग भागात शेतीवाडी करून राहू लागला. घरची बोली मलय झाली. स्त्रिया सारोंग-कबाया नेसू लागल्या. नारळाच्या दुधातला भात ताटात आला. आज तमिळ बोलणारा चिट्टी शोधावा लागतो. देव मात्र त्यांनी बदलले नाहीत.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आपल्याकडे भोगीची भाजी शिजते. त्याच भोगीला चिट्टी घरांत ‘पर्चू’ असतो. केळीच्या पानांवर पितरांच्या आवडीचे पदार्थ वाढायचे, धूप जाळायचा आणि पूर्वजांना हाक मारायची, तीही मलय भाषेत! वर्षाच्या मध्यास, फळांच्या हंगामात, दुसरा पर्चू होतो. भोगीच्या पानावर सामिष पदार्थही असतात. त्यामुळे आपल्यातील काही सोवळ्या मंडळींच्या कपाळावर आठी पडेल, पडो बापडी. मरिअम्मनच्या उत्सवाला हे लोक ‘दातो चाचार’ म्हणतात. मलय भाषेत चाचार म्हणजे देवीचा रोग. ज्या महाराष्ट्राने त्या रोगाला देवीचेच नाव दिले आणि वेशीवर मरीआई बसवली, त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

जुन्या मलाक्क्यात एका रस्त्याचे नाव ‘जालान तुकांग एमास’ आहे, म्हणजे चक्क सोनारआळी. डच अमदानीत, 1781 साली, तविनायगर चिट्टी या समाजप्रमुखाने येथे विनायकाचे मंदिर उभारले. ते आजही नांदते आहे. दक्षिण भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांनी 1748 मध्ये बांधलेली मशीद त्याच्या शेजारी, आणि थोड्या अंतरावर सतराव्या शतकातले चिनी देवालय. 2008 मध्ये हे शहर जागतिक वारसास्थळ ठरले. या शेजाराला दोन शतकांहून अधिक काळ तडा गेलेला नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

अडचण निराळीच आहे. मलेशियाच्या संविधानातील 160 व्या कलमानुसार जो इस्लाम धर्म पाळतो, सवयीने मलय बोलतो आणि मलय रीतिरिवाजांनी वागतो, तो मलय. यातल्या शेवटच्या दोन कसोट्यांना चिट्टी उतरतात. पहिलीला ते उतरत नाहीत, आणि उतरायची त्यांची इच्छाही नाही. म्हणून ‘भूमिपुत्र’ या वर्गाच्या सवलती त्यांना नाहीत. (हा शब्द संस्कृतातून तिकडे गेला, ही गंमत वाचकांच्या लक्षात आली असेलच.) बोर्निओतील मुस्लिमेतर जमाती भूमिपुत्र मानल्या जातात, पाच शतके त्या मातीत राहिलेला चिट्टी मात्र ‘भारतीय’ या ढिगात जातो, इंग्रजांनी रबराच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशजांबरोबर. तमिळ न येणाऱ्याला त्या मोठ्या समाजातही पुष्कळदा परक्यासारखेच वाटते.

वस्ती लहान, तरुण मुले क्वालालंपूर-सिंगापूरकडे गेलेली, लग्ने बाहेर होणारी. अशा बातम्या वाचल्या की आपल्याकडील उत्साही कार्यकर्त्याला पहिला विचार सुचतो तो तेथे संस्कृतचा शिक्षक पाठवण्याचा, त्यांचे विधी ‘शुद्ध’ करून देण्याचा. माझे मत स्पष्ट आहे: हे करू नये. शुद्धतेच्या नावाखाली पर्चूच गेला, तर मलाक्क्यात चिट्टी म्हणून काय उरणार? कोणाला काही करायचेच असेल, तर एखाद्या भोगीला तेथे जावे, घरच्या आजीबाईंशेजारी बसावे आणि कोणत्या पितराला कोणता पदार्थ, हाक कोणत्या शब्दांत, हे सारे त्यांच्याच मलय बोलीत टिपून घ्यावे.