आधी देखभाल, मग बदल

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी दारात येऊन आठवडा होत नाही तोच सल्ले सुरू होतात. 2 इंच लिफ्ट करून घे, 33 इंची टायर टाक, स्नॉर्केल बसव, लोखंडी बंपरवर विंच चढव आणि मग ये डोंगरात. कंपनीने दिलेली गाडी म्हणजे निम्मे झालेले काम आणि ते पुरे करणे हे मालकाचे पहिले कर्तव्य, असा समज ऑफ-रोडिंग करणाऱ्यांमध्ये घट्ट रुजला आहे. मला तो मान्य नाही. तो पैसा खातो, धडधाकट गाडी बिघडवतो आणि वेळप्रसंगी माणसांच्या जिवावर बेततो. रानवाटेवर जाणाऱ्या गाडीला आधी देखभाल हवी. बदलांची पाळी त्यानंतर, आणि तीही गरज सिद्ध झाल्यावर.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून आधी तो नीट मांडतो. पहिला मुद्दा असा की कंपनी गाडी बनवते ती सर्वसाधारण ग्राहकासाठी. शहरातला आराम, मायलेज, किंमत या सगळ्यांची तडजोड त्या गाडीत असते. दुसरा मुद्दा सह्याद्रीचा. मावळातला पावसाळी गाळ, कोकणातले जांभ्याचे सडे, मोठाल्या दगडांनी भरलेले ओढे यांना ती तडजोड पुरत नाही. तिसरा मुद्दा परंपरेचा. महिंद्राने 1947 मध्ये विलीज जीप जोडायला घेतल्या, तेव्हापासून आपल्या गॅरेजांनी जीपमध्ये इंजिने बदलली, पाटे वाढवले, टप उतरवले. जीप म्हटली की तिच्यावर हात चालवायचाच, अशी ही परंपरा आहे.

तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य नाही. गाडीत तडजोड आहे म्हणून ती नेमकी उंचीतच आहे, हे कुठे सिद्ध झाले?

उंचीचेच बघू. लिफ्ट केली की गाडी सगळीकडून वर जाते, अशी समजूत असते. जिप्सीला पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आहे. पाटे वाढवले किंवा शॅकल लांब केले की चॅसी वर जाते, पण डिफरेन्शियलचा फुगवटा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. दगड आधी लागतो तो तिथेच. म्हणजे हजारो रुपये मोजूनही गाडीचा सर्वांत खालचा बिंदू तसूभरही हलत नाही. 2020 मध्ये आलेल्या महिंद्राच्या थारचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, त्यामुळे तिथे पुढचे डिफरेन्शियल चॅसीबरोबर वर जाते. पण चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा बाक वाढतो. सीव्ही जॉइंट कायम वाकलेल्या अवस्थेत फिरतो, त्याचा रबरी बूट लवकर फाटतो, ग्रीस बाहेर येते आणि माती आत जाते. मागचा अ‍ॅक्सल अखंडच असल्यामुळे तिथे जिप्सीचीच कथा. शिवाय गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यात टपावर कॅरिअर, कॅरिअरवर सुटे चाक आणि सामान आले, तर आडव्या उतारावर गाडी कलंडण्याची भीती वाढते.

अ‍ॅक्सल खरोखर वर नेतो तो फक्त मोठा टायर. त्याचाही हिशेब करावा. थारला काही मॉडेलांत मिळणाऱ्या 245/75 आर 16 टायरचा व्यास सुमारे 774 मिलिमीटर भरतो. 33 इंची टायरचा व्यास 838. फरक 64 मिलिमीटरचा, आणि अ‍ॅक्सल वर जातो त्याच्या निम्मा, म्हणजे 32 मिलिमीटर. जेमतेम सव्वा इंच. या सव्वा इंचासाठी काय मोजावे लागते? चाकाचा घेर 8 टक्क्यांहून अधिक वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो. लो रेंजमधला पहिला गिअर ही ऑफ-रोड गाडीची खरी ताकद. ती आपल्याच हाताने कमी केली जाते. ब्रेकला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी जवळजवळ 87 च्या वेगाने धावत असते. जड चाकाचा मार बेअरिंग, बॉल जॉइंट आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर बसतो. ही किंमत मोजूनही कोणाला सव्वा इंच हवाच असेल तर त्याने तो घ्यावा; पण हिशेब मांडून घ्यावा, फोटो बघून नव्हे.

स्नॉर्केलबद्दलचा गैरसमज सर्वांत घातक आहे. इंजिनात पाणी शिरले की ते दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन खोलावे लागते. स्नॉर्केलमुळे हा धोका कमी होतो, हे खरे. उन्हाळ्यात ताफ्यामागे धावताना हवा धुळीच्या वरून घेतली जाते, हाही खरा फायदा आहे. पण स्नॉर्केल फक्त इंजिनाच्या श्वासाचे रक्षण करते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियल यांनाही श्वासाची नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात आणि ती बहुतेक वेळा खालीच असते. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. स्नॉर्केलवर मोठा खर्च करणाऱ्या कित्येकांनी ब्रीदरची नळी कधी हाताने चाचपूनही पाहिलेली नसते. ती नळी बॉनेटपर्यंत वर नेण्याचा खर्च त्या मानाने अगदी किरकोळ. शिवाय प्रवाहाला स्नॉर्केलची पर्वा नसते. थारची पाण्यातून जाण्याची सांगितलेली मर्यादा 650 मिलिमीटर आहे, पण पावसाळ्यात जोराने वाहणारे पाणी त्याहून कमी खोलीतही गाडीला बाजूला ढकलते. उंच नळी पाहून जो चालक पाण्यात उतरतो, त्याच्या धाडसाचा हिशेब मागे बसलेल्यांना चुकवावा लागतो.

कायद्याचेही बोलले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध कारवाई करावी असे केंद्राने राज्यांना डिसेंबर 2017 मध्येच कळवले होते, आणि त्यामागचे कारण रास्त आहे. एअरबॅग कधी उघडायची हे धडकेचा धक्का सेन्सरपर्यंत कसा पोहोचतो यावर ठरते. मध्ये जाड लोखंड आले की ते गणित बिघडते. रस्त्यावरच्या पादचाऱ्याला तर त्या लोखंडाचा थेट मार बसतो. ज्याला स्नॉर्केल आणि दोन्ही अ‍ॅक्सलचे लॉक हवेच आहेत, त्याच्यासाठी फोर्सची गुरखा ते सारे कारखान्यातूनच घेऊन येते. गरज खरी असेल तर सरळ मार्ग उपलब्ध आहे.

आता विरुद्ध टोकाचेही खंडन करायला हवे. गाडीला हातच लावू नका, कंपनीने विचार करूनच बनवली आहे, असे म्हणणारेही भेटतात. ते चुकतात. रस्त्यासाठी घडवलेल्या टायरच्या खाचा काळ्या मातीने दोन फेऱ्यांत भरतात आणि मग चाक नुसते गरागरा फिरते. साध्या डिफरेन्शियलच्या गाडीचे एक चाक हवेत लटकले की जमिनीवरचे चाकही दुबळे होते, कारण दोघांना बळ सारखेच मिळते. तिथे दोन्ही चाके एकत्र जखडणारा लॉकर हा खात्रीचा उपाय आहे. ट्रकवर गाडी बांधण्यासाठी दिलेल्या कडीला ओढपट्टा लावून झटका दिला तर ती कडी उपटून गोळीसारखी सुटू शकते. या उणिवा खऱ्या आहेत आणि त्या दूर केल्याच पाहिजेत. माझा वाद बदलाशी नाही, क्रमाशी आहे.

तो क्रम असा असावा. सर्वांत आधी गाडीचे खालचे अंग. पाण्यातून आल्यावर डिफरेन्शियलचा प्लग सैल करून ऑइल बघावे. ते दुधाळ झाले असेल तर पाणी गेले आहे, आणि तसेच चालवले तर बेअरिंग आणि दात दोन्ही जातात. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारताना जुने, पाणी मिसळलेले ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारावे. जिप्सीवाल्यांनी किंगपिनच्या बेअरिंगकडे लक्ष द्यावे. ती सैल झाली की ठराविक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते आणि माणूस उगाच चाकांचे बॅलन्सिंग करत बसतो. मागे ड्रम ब्रेक असतील तर चिखलातून आल्यावर ते उघडून धुवावेत, कारण आत अडकलेली रेती लायनिंग खरवडून काढते. समुद्राच्या पाण्याचा संबंध आला असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चॅसी धुवावी. पाटे काढून बसवले असतील तर काही दिवस चालवल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. फोर-व्हील मधूनमधून टाकून थोडे चालवावे म्हणजे पुढच्या यंत्रणेत ऑइल फिरते. मात्र पार्ट-टाइम यंत्रणा कोरड्या डांबरावर कधीच नाही, कारण वळणावर पुढची-मागची चाके वेगळे अंतर कापतात आणि तो ताण गिअरांना सोसावा लागतो.

दुसरी पायरी हवेची. 30-32 पीएसआयवरून हवा 18-20 वर आणली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांब होतो, टायर दगडाला लपेटून धरतो, चिखलात कमी रुततो. लागते ते दाब मोजायचे मीटर आणि डांबरावर परतण्यापूर्वी हवा भरायला छोटा कंप्रेसर. इतक्या कमी पैशांत इतकी पकड देणारा दुसरा बदल मला माहीत नाही. त्याच्याबरोबर ऑल-टेरेन टायर घ्यावेत, पण कंपनीच्याच मापाचे.

तिसरी पायरी सुटकेच्या साधनांची. चॅसीला पक्के बोल्ट केलेले ओढबिंदू, ताणला जाणारा पट्टा, 4.75 टनांची शॅकल, फावडे. ओढपट्टा गाडीच्या टो-बॉलला कधीही अडकवू नये. तो बॉल तुटून सुटल्याने माणसे मेली आहेत. चौथी पायरी पोटाखालच्या संरक्षक पत्र्यांची. पाचवी लॉकरची. हे सारे करून, त्याच वाटेवर त्याच जागी गाडी वारंवार टेकत असेल, तरच लिफ्ट. तीही ब्रेकच्या लांब नळ्या, योग्य शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि चाकांच्या अलाइनमेंटसह, आणि आरटीओचा नियम सांभाळून.

या क्रमाचा आणखी एक लाभ आहे. गाडीखाली आडवे होऊन ग्रीस मारणाऱ्याला तिचे प्रत्येक अंग ठाऊक होते. कोणता भाग किती खाली आहे, कुठला दगड चाकाखाली घ्यायचा आणि कुठला दोन चाकांमधून सोडायचा, हे त्याला आपोआप कळते. थारच्या ज्या मॉडेलांत मागच्या डिफरेन्शियलला यांत्रिक लॉक आहे, तिथे दोन चाकांच्या वेगात फरक पडल्यावर तो लागतो, म्हणून अडकल्यावर घाबरून पाय काढायचा नसतो, अ‍ॅक्सिलरेटर स्थिर धरायचा असतो. हे ज्याला माहीत आहे तो कंपनीच्या गाडीने जिथून निघून जातो, तिथे लिफ्ट केलेली गाडी चाके फिरवत खड्डा खोल करत बसते. तो खड्डा शेवटी गावकऱ्यांच्या रोजच्या वाटेत राहतो आणि गाडी काढायला ट्रॅक्टरही त्यांचाच येतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ऑफ-रोड क्लबांनी मोहिमेला निघण्यापूर्वी गाडी किती उंच आहे हे बघणे सोडावे. ब्रीदर मोकळा आहे का, सील गळते का, ओढबिंदू चॅसीला आहे का, ब्रेक नीट लागतात का, हवा मोजायचे मीटर सोबत आहे का, हे तपासावे. आणि जी गाडी यात नापास होईल तिला, तिच्यावर कितीही खर्च झालेला असो, डोंगरात नेऊ नये.