डीपीची वर्गणी कशासाठी?

ऐन रब्बीत डीपी जळते. गहू पाण्याला आलेला असतो. मग पारावर बैठक बसते, पंपामागे वर्गणी ठरते आणि जळका ट्रान्सफॉर्मर आपल्याच ट्रॅक्टरमधून तालुक्याला जातो. हे काम आपले आहे काय? २००३ च्या वीज कायद्याने वितरण यंत्रणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल सरकार भरते. बिल माफ आणि डीपी मात्र वर्गणीची, हा कुठला न्याय? आकडे टाकून भार वाढवणारेही आपल्यातलेच. त्यांना गावानेच आवरावे. पण वर्गणीआधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कागद नसेल तर उद्या दाद कुठे मागणार?